पुढच्या टोकाची मोटर

फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात मक्याच्या पावाचे तवे भट्टीतून काढत होते. रमोनाने फोन उचलला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नेव्हा, नगरपालिकेतून आहे. तव्यांचं मी बघते, तू आधी इकडे ये."

मला वाटलं, पुन्हा आमच्या दारात नळासाठी खोदणार असतील. पण पलीकडची बाई म्हणाली, "मिसेस क्रॅबट्री, काउपेनच्या वीस चिठ्ठ्यांत तुमची सतरावी निघाली." मी होते तिथेच टेकले. खाली गरम पावाचा तवा आहे हे थोड्या वेळाने कळलं.

काउपेन हा आमच्या पायनी गॅपचा पिण्याच्या पाण्याचा तलाव. एकतीस वर्षं त्यात कुणी गळ टाकला नव्हता. भोवती तारेचं कुंपण, फाटकाला कुलूप. न्हाव्याच्या दुकानात, चर्चच्या पायरीवर, पेट्रोल भरताना, जिथे चार माणसं जमत तिथे त्या तलावातल्या बास माशांची लांबी दर वर्षी बोटभर वाढायची. आणि या वर्षी नगरपालिकेने ठरवलं: एप्रिलचा पहिला शनिवार, वीस होड्या, एका होडीत दोघं, होडी चौदा फुटांहून लांब नको, आणि पेट्रोलचं इंजिन तर अजिबात नको. वल्ही चालतील, किंवा बॅटरीवर हळू चालणारी छोटी ट्रोलिंग मोटर. मासा होडीतच काट्यावर तोलायचा, आणि सर्वांत जड माशाला पहिला नंबर. साडेचारशेच्या वर चिठ्ठ्या पडल्या. हॉइटने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, आपली चिठ्ठी माझ्यादेखत ओठांना लावून बरणीत टाकली होती. माझी मी दोन दिवसांनी एकटीच जाऊन टाकून आले आणि कुणाला बोलले नाही.

तो खडीचा ट्रक लावून घरात आला तेव्हा मी दारातच उभी होते.

"चिठ्ठी निघाली," मी म्हटलं.

"माझी?"

"क्रॅबट्रीची."

"म्हणजे माझीच की."

"एन. क्रॅबट्री."

त्याने टोपी काढली, परत घातली. मग इतक्या मोठ्याने हसला की कुत्रं उठून अंगणात गेलं. "अगं लबाडे," तो म्हणाला आणि मला उचलायला आला. त्याची कंबर बघता मी त्याला ते करू दिलं नाही. पण हात धुऊन जेवायला बसेपर्यंत त्याने सगळं ठरवलं होतं: कुठली मोटर, किती ताकदीची, कुठून सुरुवात करायची, किती वाजता निघायचं. मी बीन्स वाढत होते आणि मनात म्हणत होते, चिठ्ठी कुणाची निघाली होती बरं?

हॉइटची स्वतःची होडी आहे, लाल, चमकीच्या रंगाची, मागे दोनशे घोड्यांचं इंजिन. तिच्यात मी चौतीस वर्षं मागे बसत आले. पुढच्या टोकावर तो उभा, त्याच्या बुटाखाली मोटरचं पेडल. तो दाबेल तिकडे होडी जाणार, चांगल्या जागी त्याचा गळ आधी पडणार, आणि तो पुढे सरकला की त्याने ढवळलेल्या पाण्यात माझा. यात त्याचा दुष्टपणा नव्हता. मोटर पुढे, पेडल पुढे, म्हणून हॉइट पुढे, एवढंच. पण ती लाल होडी एकोणीस फुटांची. काउपेनच्या फाटकातून ती आत जाणारच नव्हती. चौदा फुटांची होडी घरात एकच होती: माझ्या वडिलांची, ॲल्युमिनियमची, चपट्या तळाची, गोठ्यामागे पालथी घातलेली. तिला मोटर कधी नव्हतीच. वडील वल्ह्यांवरच राहिले.

शुक्रवारी आम्ही बर्ल टॅकेटच्या दुकानात गेलो. बर्लकडे गांडुळांपासून होड्यांपर्यंत सगळं मिळतं. मोटरी मागच्या भिंतीवर, डुकराच्या मांड्या धुरात टांगतात तशा ओळीने टांगलेल्या. हॉइटने आत शिरताच सर्वांत मोठीवर बोट ठेवलं. ऐंशी पौंड रेटा, पायाचं पेडल, वर आकडे दाखवणारा पडदा, आणि बटण दाबलं की वारा असला तरी होडी एका जागी धरून ठेवणारी.

"ही," तो म्हणाला.

बर्लने तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "होडी कुणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"मग हॉइट, तू जरा त्या खुर्चीवर बस. तिथे कॅटलॉग आहेत, चित्रं छान आहेत." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नेव्हा, मला तीन गोष्टी सांग. दोघं बसल्यावर होडीचं पुढचं टोक पाण्यापासून किती वर राहतं? दिवसभरात जायचं किती लांब? आणि पुढे कोण बसणार?"

पहिल्या दोन मला मोजायलाच हव्या होत्या. तिसऱ्या प्रश्नाला मी हॉइटकडे बघितलं आणि हॉइटने कॅटलॉगमध्ये.

"मोजून ये," बर्ल म्हणाला. "मोटर ताकदीवर घेत नाहीत, होडीवर घेतात. दांडा आखूड पडला तर लाटेवर पंखा हवेत फिरेल. लांब झाला तर प्रत्येक बुंध्याला अडकेल."

त्या संध्याकाळी आम्ही होडी ओढ्याच्या डोहात सोडली. हॉइट मागच्या बाकावर वजन म्हणून बसला, पुढच्या बाकावर माझ्या वजनाची पिठाची पोती, बॅटरीच्या जागी खडीची बादली. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून शिवणाच्या टेपने मोजत होते.

"पोट आत घे," मी म्हटलं.

"पोट आत घेतलं की वजन कमी होतं?"

"नाही. दिसायला बरं."

पंधरा इंच. मी तळहातावर पेनने लिहिलं. मग नगरपालिकेत फोन करून विचारलं: होड्या उतरवायची जागा बांधाजवळ, आणि ओढा तलावात मिळतो ते वरचं टोक तिथून अडीच मैल. जाऊन येऊन पाच. पाच मैल आणि एक बॅटरी. भांडी घासताना, पाव कापताना, अंथरुणात पडल्यावरसुद्धा माझ्या डोक्यात तेच चाललेलं. रमोना म्हणाली, "तू साखर म्हणून मीठ घेतलंस आत्ता. काय झालंय तुला?" मी म्हटलं, "रमोना, मी मोटर घेतेय." ती म्हणाली, "लग्न ठरल्यावरही तुझा चेहरा असा झाला नव्हता." तेव्हा ती तिथे होती, त्यामुळे वाद घालता येईना.

पुढच्या रविवारी चर्चनंतर बर्लने तीन मोटरी आपल्या ट्रकमध्ये टाकल्या आणि आम्हाला त्याच्या भावाच्या गायींच्या तळ्यावर बोलावलं. "लावून बघा," तो म्हणाला. "भिंतीवर सगळ्याच चांगल्या दिसतात."

आधी हॉइटची. तिला दोन बॅटऱ्या लागत, एकेक साठ पौंडांची. तारा लांब नव्हत्या म्हणून दोन्ही पुढेच ठेवल्या. मोटरचंच वजन दोन-अडीच महिन्यांच्या डुकराच्या पिल्लाएवढं. वर दोनशे चाळीस पौंडांचा हॉइट, पुढच्या टोकावर उभा, पेडलवर बूट. मी मागे, नेहमीप्रमाणे. माझं बाक हवेत उचललं गेलं होतं, पाय तळाला टेकत नव्हते.

"हॉइट, हळू," बर्ल काठावरून म्हणाला.

हॉइटला हळू माहीत नाही. त्याने पेडल पूर्ण दाबलं. मोटरने ओढ घेतली, ती खरोखर जबरदस्त ओढ होती हे कबूल करते, आणि होडीने तोंड खाली घालून पाणी प्यायला सुरुवात केली. दोन श्वासांत पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं. हॉइट मागे वळून काहीतरी सांगणार होता, पण वळायला जागा नव्हती. तो तसाच, टोपीसकट, तळ्यात गेला. तळं कमरेएवढंच. तो उभा राहिला तेव्हा त्याच्या खांद्यावर शेवाळ होतं आणि पाच गायी रवंथ थांबवून बघत होत्या.

"मोटर बिघडली का?" त्याने विचारलं.

"पाण्यात चालायलाच केलीय ती," बर्ल म्हणाला. "तुझं काय?"

पाणी उपसून आम्ही दुसरी लावली. लहानशी, चाळीस पौंड रेट्याची, मागच्या फळीला चिकटणारी. हॉइट ट्रकमध्ये घोंगडी गुंडाळून बसला होता, म्हणून त्याच्या जागी बर्ल माझ्याबरोबर आला. चालायला गोड होती ती, आवाज शिवणयंत्राएवढाही नाही. पण तळ्याच्या मध्यावर वारा लागला आणि होडीचं हलकं पुढचं टोक वाऱ्याबरोबर फिरू लागलं. मी डावीकडे सरळ करावं, ते उजवीकडे जावं. मागून ढकललेली हातगाडी रस्ता सोडते तसं.

"आता ती पुढे लावून बघ," बर्लने तिसरी दाखवली. पंचावन्न पौंड रेट्याची, छत्तीस इंचांचा दांडा, पुढच्या टोकावर बसणारी. पेडल नाही, पडदा नाही. एक हातदांडा, तो वळवाल तिकडे होडी. बॅटरी एकच, आणि लांब तारेने ती मधल्या बाकाखाली गेली.

मी पुढच्या बाकावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणाची पाठ नव्हती. हातदांडा फिरवला आणि होडी त्या पाण्यावरून, वाऱ्याला तोंड देत, दोरीने धरून नेल्यासारखी सरळ गेली. मी तळ्याला एक फेरी मारली. मग दुसरी. बर्ल मागून म्हणाला, "नेव्हा, मला उतरव आणि तू खेळत बस." तिसऱ्या फेरीला मी त्याला घड्याळ लावायला सांगितलं. पूर्ण वेगात किती, निम्म्या वेगात किती, आणि बॅटरी किती उतरते. निम्म्या वेगात ताशी दोन मैल, आणि बॅटरी चार तास तरी जाईल. पूर्ण वेगात दीड तासही नाही. तळहातावर जागा उरली नव्हती, म्हणून मनगटावर लिहिलं.

ट्रकपाशी गेले तेव्हा हॉइटचे केस वाळून उभे राहिले होते.

"ती घेतेय," मी म्हटलं. "तिसरी."

"हाताची? गळ टाकणार कशी मग? पायाने चालवली की हात मोकळे राहतात. कुणालाही विचार."

"होडी अरुंद आहे. पेडलवर उभं राहिलं की काय होतं ते आत्ता बघितलं आपण."

"मी बघितलं नाही, मी पाण्याखाली होतो." त्याने तिसरीच्या हातदांड्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हातदांडा पुढच्या बाकापाशी."

"हो."

"म्हणजे तू पुढे."

"हो."

"आणि मी मागे."

"यायचं असेल तर. रमोनाही तयार आहे."

त्याने घोंगडी जरा घट्ट ओढली. "मागचं बाक फार कडक आहे, नेव्हा."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

बर्ल तोंड फिरवून गायींकडे बघू लागला. हॉइट बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय काय आठवत होतं मला ठाऊक नाही. शेवटी म्हणाला, "उशी चालते का?"

एप्रिलच्या त्या शनिवारी सकाळी सात वाजता अर्धं गाव बांधावर उभं होतं. तलावावर धुकं, चर्चच्या बायका कॉफी विकतायत, आणि वीस होड्या ओळीने. मी बॅटरीच्या तारा जोडून पुढे बसले. हॉइट उशी घेऊन मागे बसला, जाळी मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "कुठे जायचं, बाई?" असं मला त्याने कधी विचारलं नव्हतं.

शिट्टी झाली आणि बहुतेक होड्या वरच्या टोकाकडे सुटल्या, ओढा मिळतो तिथे. मी निम्म्या वेगात पूर्वेच्या काठाने निघाले. तिथे बांध घातला तेव्हा बुडालेली झाडं अजून उभी होती, काळे बुंधे पाण्याबाहेर आलेले. होडी त्यांच्यामधून इतकी बिनआवाज चालली होती की एक बगळा आम्ही हाताशी येईपर्यंत उडाला नाही. हॉइट मागून कुजबुजला, "ही चांगली आहे गं." मोटरबद्दल की जागेबद्दल, मी विचारलं नाही.

पाचव्या की सहाव्या वेळी मी गळ टाकला आणि दोरी जड झाली. वाटलं फांदीला अडकली. मग ती फांदी चालायला लागली.

मी गळाची काठी उचलली आणि ती मुठीपर्यंत वाकली. मासा वर आला नाही, तो बुंध्यांच्या गर्दीत शिरायला निघाला. दोरी एकदा झाडाभोवती गेली की संपलं, हे लहान पोरालाही कळतं. "उजवीकडे वळव, मागे घे, नाही नाही, डावीकडे," हॉइट उठून उभा राहिला. होडी डगमगली.

"हॉइट, बस. गप्प बस आणि जाळी धर."

तो बसला. मी काठी पोटात रोवली, दोन्ही हातांनी धरली आणि हातदांडा गुडघ्याने ढकलला. कुणी शिकवलं नव्हतं, दांडा तिथेच होता म्हणून गुडघा गेला. मोटरने होडीचं तोंड फिरवलं. मग कोपराने वेग वाढवला आणि आम्ही त्या माशाला झाडांमधून उघड्या पाण्याकडे ओढत नेलं, किंवा त्याने आम्हाला जाऊ दिलं. एक बुंधा माझ्या खांद्याला घासून गेला. दोरी गुणगुणत होती. मासा उघड्या पाण्यात वर आला, अंग बाहेर काढून डोकं झटकलं, तेव्हा त्याचं तोंड मला दिसलं. त्या तोंडात माझ्या दोन्ही मुठी गेल्या असत्या.

"नेव्हा," हॉइट अगदी हळू म्हणाला, जणू चर्चमध्ये बसलाय. "अजिबात घाई करू नकोस."

दहा मिनिटं गेली असतील. हॉइटने जाळी पाण्यात खोल धरून ठेवली, मासा तिच्यावर आला तशी ती दोन्ही हातांनी उचलली. मग आम्ही दोघं होडीच्या तळाशी गुडघ्यांवर बसून नुसते बघत राहिलो. हिरवी पाठ, पोट बादलीसारखं. काट्यावर नऊ पौंड सहा औंस. तोवर माझा सर्वांत मोठा मासा चार पौंडांचा होता, आणि तोही हॉइटने सोडलेल्या पाण्यातला. आम्ही तिला फार वेळ बाहेर ठेवलं नाही, अंड्यांनी भरलेली मादी होती. मी तिला खालच्या जबड्याला धरून पाण्यात उभं केलं. कल्ले हलले, अंग ताठ झालं, आणि ती माझ्या हातातून अशी गेली की माझ्या तोंडावर पाणी उडालं.

यानंतर मी शहाण्यासारखं वागले असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी मनगटावर पुन्हा लिहिलेले सगळे आकडे विसरून मी मोटर पूर्ण वेगात सोडली आणि वरच्या टोकापर्यंत गेले, केवळ जाता येतं म्हणून. तिथे अजून तीन मासे मिळाले, दोन हॉइटला. दुपारी परत निघालो तर वारा सुटला, बांधाकडून, सरळ तोंडावर. अर्ध्या वाटेत मोटरचा आवाज जाड झाला. मग पंखा सुस्तावला. बांध दोनशे हातांवर असताना ती थांबली.

"किती मोजलं होतंस?" हॉइटने विचारलं.

"बरोबर मोजलं होतं," मी म्हटलं. "चालवणारी चुकली."

हॉइटने माझ्या वडिलांची वल्ही बाकाखालून काढली, तो मधल्या बाकावर आला, माझ्याकडे पाठ करून बसला आणि वल्हवू लागला. अर्धं गाव बांधावर उभं राहून बघत होतं. कुणीतरी ओरडून विचारलं, "हॉइट, इंजिन बदललं का?" त्याने वल्हं न थांबवता सांगितलं, "माझ्या बायकोने नऊ पौंडांची धरली. तू काय धरलंस?"

त्या दिवशी पहिला नंबर न्हाव्याचा आला, दहा पौंड एक औंस. त्याला तो फळीवर उभा राहून पायाच्या मोटरवर मिळाला होता, आणि तो ते अजूनही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. माझा दुसरा. नगरपालिकेने पुढच्या महिन्यात ठरवलं की आता दर शनिवारी वीस होड्या सोडायच्या.

सोमवारी बर्ल शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारी आला. हातात दुसरी बॅटरी होती. म्हणाला, "हॉइटने पाठवलीय. म्हणाला, तिला वरच्या टोकापर्यंत पूर्ण वेगात जाऊन परत यायचं असतं." रमोनाने ती घ्यायला हात पुढे केला आणि वजनाने वाकली. मी ओट्यावर जागा केली, पिठाच्या डब्यांशेजारी, आणि मुलांच्या जेवणाच्या तिन्ही रांगा संपेपर्यंत ती तिथेच राहिली. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता हे काय आहे, आणि प्रत्येकाला मी सगळं पहिल्यापासून सांगत होते.